शेवाळ्यांचा हाँगकाँग अभ्यास दौरा

माणसानं परदेशी खुशाल जावं, पण जाणार आहोत हे कुणाला सांगू नये. सांगायचंच झालं तर परत आल्यावर सांगावं, तेही बॅगेतले कपडे धुऊन वाळत घातल्यानंतर. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी मी काय काय मोजलं ते ऐका.

आमची दिशा चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या यादीत आली आणि मी पेढ्यांचा पुडा हातात असताना, उत्साहाच्या भरात, "माग काय मागायचं ते," असं बोलून बसलो. पुराणात ज्या ज्या देवानं हे वाक्य उच्चारलं, त्याला पुढे पळता भुई थोडी झाली, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. दिशा म्हणाली, "विमानात बसून कुठेतरी जाऊ या, पप्पा."

आता 'कुठेतरी' या नावाखाली अंदाजपत्रक करता येत नाही. मी नाशिकजवळ ओझरच्या विमानांच्या कारखान्यात लेखा विभागात आहे. विमानाला लागणारे नट, रबर, रंग, कापूस, अशा सगळ्याची बिलं माझ्या टेबलावरून जातात. बिलावर 'इतर' असं लिहिलेलं दिसलं की मी ते परत पाठवतो. त्यामुळे 'कुठेतरी' मला चालण्यासारखं नव्हतं. त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. हाँगकाँगला नवीन मोठी बाग उघडली आहे, तिच्यात परीकथेतला किल्ला, आकाशात गरगरणारे पाळणे, अंधारातून धावणारी आगगाडी. मी जाहिरात दिशासमोर धरली. "हे?"

"चालेल," ती म्हणाली. आवाज जरा बारीक आला होता, पण तो मी आनंदाच्या खाती टाकला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे हिशेब गेल्या महिन्याच्या पानामागेच होतात. तिघांचं मिळून एक लाख आणि वर थोडं. ही रक्कम मी लिहिली, तिच्याखाली रेघ मारली आणि बराच वेळ रेघेकडेच पाहत राहिलो. मुदत ठेव मोडायची, भाग्यश्रीची भिशी लागणार ती धरायची, दिवाळीचा बोनस धरायचा. भाग्यश्री म्हणजे आमची मंडळी. ती म्हणाली, "अहो, बोनस आपण दर वर्षी धरतो आणि दर वर्षी तो आपल्या हातून सुटतो."

तरीही थोडे कमी पडत होते. ऑफिसात चौकशी केली. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणाला उचल मिळते, घराला मिळते, मुलीच्या लग्नाला मिळते. पाळण्यांसाठी मिळत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मुलीचं लग्न दाखव ना." मी म्हटलं, मुलगी दहा वर्षांची आहे. तो म्हणाला, "मग साखरपुडा दाखव." प्रवास सवलतीचं विचारलं, तर अधीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "सवलत कन्याकुमारीपर्यंत आहे, शेवाळे. त्याच्या पुढे तुमचं तुम्ही पोहत जा."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे मध्यमवर्गीय माणसाचं जेवढं ठीक असतं तेवढं. चूक पुढे झाली. मी बच्छावकाकांचा सल्ला घेतला.

सावळीराम बच्छाव आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. जकात नाक्यावरून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या ट्रकमध्ये डोकावल्यामुळे त्यांना लोकांच्या घरातही तसंच डोकावता येतं. मी त्यांना शपथ घालून सांगितलं की ही गोष्ट तुमच्यामाझ्यातच राहू द्या. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि विचारलं, "पाळण्यातच बसायचं ना? मग हाँगकाँग कशाला? कालिकेच्या जत्रेत पाच रुपयांत बसवतात. वर गेल्यावर रामशेजचा किल्लासुद्धा दिसतो."

मी म्हटलं, काका, तिथले पाळणे वेगळे असतात.

"वर जातो आणि खाली येतो, यात वेगळं काय असणार?" ते म्हणाले. मग त्यांनी कॅलेंडरचं पान माझ्या हातातून घेतलं आणि जकातीच्या सवयीनं त्यात भर घालायला सुरुवात केली. तिकडे लोक साप खातात, तेव्हा आठवड्याचा शिधा बरोबर हवा. शिध्याला वेगळी बॅग. बॅगेला कुलूप. पोटाची औषधं, तापाची औषधं, आणि औषधं बाधली तर त्यावरची औषधं. समुद्रकाठचं गाव, म्हणून छत्र्या. विमानात थंडी, म्हणून स्वेटर. पान मला परत मिळालं तेव्हा त्यावर दुधाचा हिशेब लिहायलाही जागा उरली नव्हती.

शपथ त्यांनी पाळली. त्यांनी फक्त काकूंना सांगितलं. काकूंनी फक्त भजनी मंडळात सांगितलं.

गणपती जवळ आले होते आणि महापालिकेची निवडणूक पुढच्या वर्षी होती. या दोन गोष्टींचा माझ्याशी काही संबंध आहे असं मला वाटत नव्हतं. एके दिवशी सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत चौकात उभा होतो. सगळे लोक माझ्याकडे आणि माझ्या डोक्यावर आळीपाळीनं बघत होते. मी वर पाहिलं. चौकात नवा फ्लेक्स लागला होता. त्यावर आमच्या प्रभागातले इच्छुक उमेदवार वाळूभाऊ गांगुर्डे हात जोडून उभे होते. पूर्ण उंचीचे. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, मी. रेशनकार्डाच्या वेळचा फोटो होता. मजकूर असा:

'आपल्या प्रभागाचे भूषण, विमानतज्ज्ञ मा. श्री. जीवनराव शेवाळे साहेब यांना हाँगकाँग, चीन येथील अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: वाळूभाऊ गांगुर्डे मित्रमंडळ.'

बस आली. बसमधल्या प्रत्येकानं तो फ्लेक्स वाचला. ओझरपर्यंत मला कुणी जीवन म्हणून हाक मारली नाही.

संध्याकाळी मी तडक वाळूभाऊंच्या संपर्क कार्यालयात गेलो. हे कार्यालय म्हणजे त्यांच्या भावाचं सिमेंटचं दुकान. मला बघताच त्यांनी चहा सांगितला. मी म्हटलं, भाऊ, अहो मी विमानतज्ज्ञ नाही.

"विमानाच्या कारखान्यात हाय ना तुम्ही?"

"मी बिलं पास करतो."

"मग? बिल पास झाल्याशिवाय विमान उडतं का?" ते म्हणाले. या माणसाशी वाद घालणं कठीण आहे, कारण तो मधूनच खरं बोलतो. "आणि सर, हे अभ्यास दौरा म्हणजे ना, आपण विचार करून टाकलंय. मोठी माणसं फॉरेनला अभ्यासालाच जातात. पाळण्यात बसायला चाललेत असं लिहिलं तर वॉर्डाची काय इज्जत राहील? तुम्ही लय टेन्शन घेऊ नका."

मी लय टेन्शन घेऊन घरी आलो आणि झालेलं सगळं बोलणं मायलेकींना ऐकवलं. भाग्यश्री म्हणाली, "फोटो तरी चांगला द्यायचात."

गणपतीत सोसायटीच्या मांडवात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. भाषणात वाळूभाऊंनी जाहीर केलं की शेवाळेसाहेब हाँगकाँगची गटारव्यवस्था जवळून पाहणार आहेत आणि परत आल्यावर 'हाँगकाँगनं काय केलं, नाशिकनं काय करावं' या विषयावर आपल्याशी बोलणार आहेत. टाळ्या झाल्या. मी काही बोलायला उठलो तर माइक आरतीसाठी गेला होता. त्या क्षणी मी मांडवातून ओरडून सांगायला हवं होतं की मी गटारं बघायला चाललेलो नाही. पण खांद्यावर नवी शाल असताना माणसाला ओरडता येत नाही.

एकदा सत्कार झाला की परतीचे दोर कापले जातात. कारण पाठोपाठ केळवणं सुरू झाली. आमच्याकडे लग्न ठरलेल्याला नातेवाईक घरोघरी जेवायला बोलावतात, तसं परदेशी जाणाऱ्यालाही बोलावतात. फरक एवढाच, की नवऱ्यामुलाकडून कुणी काही मागत नाही. प्रत्येक घरी पुरणपोळी, श्रीखंड, निघताना भाग्यश्रीची ओटी, माझ्या हातात नारळ आणि एक पाकीट. पाकिटात एकशे एक रुपये. आणि उंबऱ्यावर, चपला घालताना, आवाज खाली आणून, "तिकडून येताना जमलं तर..."

जमलं तर डिजिटल कॅमेरा. जमलं तर न फुटणारा थर्मास. जमलं तर विजेवर चालणारं दाढीचं मशीन. नांदगावच्या माझ्या मालनआत्यानं तर पाकीट देताना माझा हात दाबून ठेवला. "जीवन, माझे गुडघे लय दुखत्यात. तिकडं गुडघ्याला लावायचं करंटचं मशीन मिळतं म्हणं. तेवढं आण. आपल्याला काय दुसरं नको हाय."

हिशेबाचा माणूस असल्यामुळे मी पाकिटं एका बाजूला जमा धरली आणि मागण्या दुसऱ्या बाजूला नावे टाकल्या. एका केळवणामागे आमचा अंदाजे तीन हजारांचा तोटा होत होता. भाग्यश्रीला म्हटलं, आता एकही केळवण घेऊ नकोस, परवडत नाही. ती म्हणाली, "जेवायला कसं नाही म्हणायचं? वाईट दिसतं." घरात नारळ इतके साठले की दिशाच्या डब्यात रोज वड्या जाऊ लागल्या, आणि एक दिवस शाळेतून चिठ्ठी आली की डब्यात पोळीभाजी द्यावी.

इकडे पासपोर्टचं घोडं अडलं होतं. आमच्यासारख्यांना पासपोर्टसाठी आधी ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. एरवी ते आठवड्याभरात मिळतं. माझ्याही अर्जावर सही होणारच होती, पण तेवढ्यात तो फ्लेक्स लागला. मला सुरक्षा अधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. हे गृहस्थ देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले मेजर. त्यांच्या टेबलावर फ्लेक्सचा फोटो होता.

"शेवाळेजी, बैठिए," ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले. "आप विमानतज्ज्ञ कब से हुए?"

मी उभाच राहिलो.

"और चीन में अभ्यास किस चीज का?"

लढाऊ विमानांच्या कारखान्यातल्या माणसानं चीनला अभ्यासाला जातो असं चौकात लिहून लावलं, तर कुणीही हेच विचारील. त्यांची काही चूक नव्हती. मी घाम पुसत पाळण्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, लिहून द्या.

मी लिहून दिलं. आयुष्यात मी हजारो खुलासे मागवले आहेत, पण स्वतः लिहिण्याची पाळी पहिल्यांदाच आली. 'सदर दौरा अभ्यासाचा नसून कौटुंबिक आहे. दौऱ्यात पाळणे, घसरगुंडी, तसेच पाण्यातील होडी यांत बसणे एवढाच कार्यक्रम असून त्यामुळे राष्ट्राच्या सुरक्षेस बाधा येण्याचा संभव नाही. अर्जदार हा विमानतज्ज्ञ नसून त्यास विमानातील काहीही कळत नाही.' शेवटचं वाक्य मेजरसाहेबांनी घालायला सांगितलं. ते लिहिताना मला जेवढा त्रास झाला तेवढा मुदत ठेव मोडायच्या विचारानंही झाला नव्हता. बावीस वर्षं नोकरी आणि हे सही करून द्यायचं. कागद वर गेला. मेजरसाहेब म्हणाले, काळजी करू नका, उत्तर येईल. कधी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं होतं आणि दसऱ्यापर्यंत टूरचे उरलेले पैसे भरायचे होते. शरणपूर रोडला राखी मॅडमचं छोटं टूरचं ऑफिस आहे. तिथे मी आगाऊ रक्कम भरून बसलो होतो. त्यांचा रोज फोन. "सर, पासपोर्ट?" मी रोज म्हणायचो, येतोच आहे. बच्छावकाका रोज विचारायचे, "काय जीवनराव, कागद हलला का?" आणि हलला नाही म्हटलं की समाधानानं मान हलवायचे. "तरी मी म्हणत होतो. कालिका."

शेवटी नवरात्र आलं आणि भाग्यश्रीनं व्यवहाराची गोष्ट काढली. "उरलेले पैसे भरायच्या आधी एकदा बसून तर बघू. साडीसुद्धा आपण अंगावर लावून घेतो." मला पटलं. रंगीत तालीम म्हणून आम्ही तिघं कालिकेच्या जत्रेत गेलो. गर्दी चुकवत, देवीचं दर्शन घेऊन, मोठ्या पाळण्यापाशी आलो. पाच रुपयांचे आता पंधरा झाले होते, ही माहिती बच्छावकाकांना नव्हती, याचा मला तेवढ्यातही आनंद झाला.

पाळणा वर गेला. वर गेल्यावर पाळणेवाल्यानं दुसऱ्या बाजूची माणसं उतरवायला तो थांबवला आणि आम्ही टोकावर लोंबकळत राहिलो. रामशेज दिसत होता की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण दिशानं माझ्या मानेला अशी मिठी मारली होती की मला फक्त तिची रिबीन दिसत होती. "पप्पा, खाली. पप्पा, मला खाली उतरवा." भाग्यश्रीनं वरूनच पाळणेवाल्याला ज्या शब्दांत हाका मारल्या, ते शब्द तिला येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

खाली उतरल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बाकावर बसलो. दिशा रडून लाल झाली होती. मी म्हटलं, अगं, तिकडचे पाळणे यापेक्षा मोठे आहेत. मग तिथे काय करणार होतीस?

"डोळे मिटून बसणार होते," ती म्हणाली.

"मग मागितलंस कशाला?"

"मी नव्हतं मागितलं. तुम्ही पेपर दाखवलात. मला फक्त विमानात बसायचं होतं." तिनं नाक ओढलं. "शाळेत सगळ्यांना माहितीये तुम्ही विमानाच्या कारखान्यात आहात. सगळे विचारतात, तू कितीदा बसलीस. एकदापण नाही म्हटलं की हसतात. तुम्ही तरी बसलात का, पप्पा?"

मी नाही म्हणालो. मुदत ठेव, भिशी, शाल, गटारं, मेजरसाहेब, आत्याचे गुडघे, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मी इतरांच्या बिलांवर 'खुलासा व्हावा' असं लिहीत आयुष्य काढलं आणि घरातल्या घरात, दहा वर्षांच्या मुलीला, नेमकं काय हवंय हे विचारलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी दोन ग्लास रस प्यालो.

दुसऱ्या दिवशी राखी मॅडमकडे गेलो. स्वस्त विमानांचे ते नवे दिवस होते. त्यांनी बिचाऱ्यांनी काही कटकट न करता माझी आगाऊ रक्कम मुंबई ते गोवा तिकिटांकडे वळवली. जाताना विमान, येताना रेल्वे. पासपोर्ट नको, ना-हरकत नको, चीन नको. मुदत ठेव मोडायला लागली नाही. हिशेबाच्या दृष्टीनं मी इतका सुखी कधीच झालो नव्हतो. फक्त एक गोष्ट उरली, ती म्हणजे सोसायटीला सांगणं.

मी सांगणारच होतो. रोज सकाळी ठरवायचो की आज बच्छावकाकांना सांगायचं. पण कपाटात शाल होती, पाकिटं घेतलेली होती, चौकात मी अजून लटकत होतो. 'हाँगकाँगचे शेवाळे' गोव्याला गेले म्हटल्यावर काय काय ऐकावं लागेल याची मी मनात उजळणी करायचो आणि उद्यावर ढकलायचो. असं करता करता निघायचा दिवस उजाडला. सगळी सोसायटी खाली जमली. काकूंनी ओवाळलं. वाळूभाऊंनी हार घातला आणि टॅक्सीपुढे नारळ फोडला. आता या नारळानंतर गोवा म्हणणं शक्यच नव्हतं. टॅक्सी घोटीच्या पुढे गेल्यावर मी दिशाला म्हटलं, "परत आल्यावर कुणी विचारलं तर फक्त 'छान होतं' म्हणायचं. कुठे ते सांगायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. कमी बोलायचं."

भाग्यश्री खिडकीबाहेर बघू लागली. त्यापेक्षा तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

विमानप्रवासाबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही. नाशिकहून मुंबईला पोहोचायला जेवढा वेळ लागला, त्याच्या पाव वेळात विमान गोव्यात होतं. एका रांगेत तीन जागा. खिडकी एक. तिथे दिशा, मध्ये भाग्यश्री, कडेला मी. येणाऱ्याजाणाऱ्या खाण्याच्या ढकलगाडीचा धक्का दर थोड्या वेळानं माझ्या कोपराला बसत होता. विमान वर चढताना दिशा जराही घाबरली नाही, उलट काचेला नाक लावून बसली. "पप्पा, ढग खाली आहेत!" मी वाकून बघायला गेलो तर पट्ट्यानं मला मागे ओढलं. अख्ख्या प्रवासात मला पुढच्या माणसाचं टक्कल दिसलं. बावीस वर्षं विमानांच्या कारखान्यात काढून, पहिल्या विमानप्रवासात, टक्कल. याचा खुलासा मी कुणाकडे मागायचा?

आम्ही परतलो तेव्हा चौकात नवा फ्लेक्स होता. 'यशस्वी अभ्यास दौऱ्याबद्दल अभिनंदन.' फोटो तोच. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर दिवाळीचं स्नेहमिलन, चिवडा, लाडू, आणि माझं व्याख्यान. गुडघ्याच्या मशीनसाठी आत्या खास नांदगावहून आली होती आणि पहिल्या रांगेत पाय लांब करून बसली होती. मी लायब्ररीतून हाँगकाँगची माहिती काढून चार मुद्दे पाठ केले होते. गटारांबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

वाळूभाऊ उठले. माझ्या खांद्यावर दुसरी शाल टाकली आणि म्हणाले, "साहेब बोलतीलच. पण आधी आपण आपल्या लाडक्या दिशाकडून ऐकू. ये बाळा. घाबरू नको. सांग सगळ्यांना, हाँगकाँगला काय काय बघितलं?"

माइक तिच्या हातात गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून मान हलवली, म्हणजे 'छान होतं' म्हण, असं. पण मान कशी हलवली ते माझं मलाच कळलं नाही. कदाचित मी 'हो' म्हणून हलवली असेल.

"आम्ही हाँगकाँगला नाही गेलो," दिशा म्हणाली. "मला पाळण्याची भीती वाटते म्हणून आम्ही गोव्याला गेलो. विमानात बसून." गच्चीवर चिवड्याचा आवाज थांबला. "माझे पप्पा विमानतज्ज्ञ नाहीत. ते बिलं पास करतात. बिल पास झाल्याशिवाय विमान उडत नाही. पप्पापण कधी विमानात बसले नव्हते. आमच्यात एकच खिडकी होती. ती पप्पांनी मला दिली."

तिनं माइक खाली ठेवला आणि भाग्यश्रीच्या शेजारी जाऊन बसली.

मी मान खाली घातली होती. शालीचं टोक डोळ्यांपर्यंत येतं ही एक सोय असते. माझी इज्जत गेली होती आणि ती जाताना मला इतकं हलकं वाटत होतं, की ती इतके दिवस सांभाळली कशाला, असं मला वाटलं. शेवटी बच्छावकाका उभे राहिले. हा माणूस आता काय म्हणणार हे मला पाठ होतं. पण त्यांनी विचारलं, "जीवनराव, मग तुम्हाला विमानातून काय दिसलं?"

"पुढच्या माणसाचं टक्कल," मी म्हणालो.

गच्ची जी हसायला लागली ती थांबेना. वाळूभाऊही हसले आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढून दिशाच्या अंगावर घातली. मालनआत्या म्हणाली, "मशीनचं जाऊ दे रे. गोव्यात काजू स्वस्त असत्यात, ते तरी आणले का?" आणले होते. थर्मासवाल्यांना, कॅमेरेवाल्यांना, सगळ्यांना काजूच दिले. पाकिटांच्या मानानं हिशेब बराच जवळ आला.

रात्री जिना उतरताना दिशा माझ्या शेजारी होती. शाल तिच्या पायांत येत होती, म्हणून मी ती उचलून धरली होती.

"पप्पा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी खिडकी तुम्ही घ्या."

"बरं," मी म्हणालो. मग समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं दिसलं, तसा आवाज खाली आणून म्हटलं, "पण हे बच्छावकाकांना सांगू नकोस."